बायको म्हणते जाऊ, मी म्हणतो कायले?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेचा रिटायर्ड मास्तर, वय 71, बायको 67 ची. गाव दारव्हा तालुक्यातलं. घर स्वतःचं, संडास तेवढा परसात, पाच एकर वावर मक्त्याने दिलेलं, पेन्शन 38 हजार. पोरगा पुण्यात, पोरगी नागपूरला. पोरीनं नागपूरच्या बाहेर एक सीनियर सिटिझन सोसायटी पाहून ठेवली, डिपॉझिट 12 लाख अन् दोघांचे महिन्याचे 32 हजार, जेवण, साफसफाई, नर्स सगळं त्यातच. पोरगा म्हणते दोन एकर विका अन् भरा, अन् गावचं घर आत्ताच माझ्या नावावर करून द्या. मला काही जायचं नाही. सकाळी पारावर बसलो की दहा जण 'गुरुजी' म्हणून रामराम घालतात, पेपर वाचून दाखवतो, पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या माझ्या दारावर आल्याशिवाय राहत नाहीत, तिथं मला कोण ओळखणार? अन् गावातले म्हणतील पोट्ट्यांनी वृद्धाश्रमात टाकलं. नवल म्हणजे आमची मंडळीच जायला तयार! तिला कसं समजावू?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात पार आहे, पेपर आहे, पोळा आहे, आणि वहिनींची एकच ओळ आहे, ती पण 'नवल म्हणजे' करून. मला तर यात काही नवल वाटलं नाही बाप्पा. तुम्ही 58 व्या वर्षी रिटायर झालात, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. त्या कधी रिटायर झाल्या? पारावरून तुम्ही साडेअकराला घरी येता तेव्हा भाकर तव्यावर असते ना, ती कोण टाकते?

आमच्या घरचंच सांगते. माझी मोठी जाऊ चार वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी गेली. पहिले आठ दिवस पहाटे पाचला उठायची आणि खोलीत नुसती उभी राहायची, कारण खोलीत ओटाच नव्हता, फक्त एक इलेक्ट्रिक किटली. मला फोन केला, "अवो, इथं काई कामच नाही वो, या हातांचं करू काय?" मला वाटलं आता येते परत. कायची येते! महिनाभरात कॅरम शिकली आणि आता गावी आली की चौथ्या दिवशी बॅग भरते. जेवण सपक असतं म्हणून ठेच्याची बरणी तेवढी नेते सोबत. पण दुसरी बाजू पण ऐका, भासरे खाटेला खिळले तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं की आता स्वतःची बाई लावा, आमच्या पैशात हे येत नाही. तो खर्च आधी कोणी बोललंच नव्हतं, आणि यांनीही विचारलं नव्हतं.

म्हणून आधी पैशाचं. 32 हजार म्हणजे नुसते 32 हजार नाहीत. 12 लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी ठेवले तर तिमाहीला 24,600 येतात, म्हणजे महिन्याला 8,200, आणि डिपॉझिटवर व्याज मिळत नसेल तर ते गेले. झाले 40,200, तुमच्या पेन्शनच्या वर. आणि स्पष्ट लिहिते, राग मानू नका, तुमच्या मागे वहिनींना फॅमिली पेन्शन मिळेल ती मूळ पगाराच्या 30 टक्के, तुमची 50 टक्क्यांची, म्हणजे तुमच्या 38 चे साधारण 22-23 हजार होतील. एकटीचा रेट तेव्हा किती, दरवर्षी किती वाढतो, दोघांतला एक गेल्यावर डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, हे तोंडी नको, करारावर लेखी घ्या. रात्री नर्स खरंच असते की फक्त वॉचमन, ते तर रात्री दहाला जाऊनच पाहा. जाताना खिशात मोजायचा टेप ठेवा. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले, दार किमान 900 मिलिमीटर रुंद पाहिजे, बाथरूमला न घसरणारी फरशी, धरायला दांडा. तुमचा मामला विकत घेण्याचा नाही, तरी मोजून घ्यायला काय जातं.

वावर विकू नका. पटत असेल तर सुद्धा लगेच नको, कारण तिथं करमलं नाही तर परत यायला काहीतरी लागतं. आणि घर पोराच्या नावावर आत्ता कायले? मृत्युपत्र करा. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर त्यात 'आमचा सांभाळ करावा' ही अट लिहून घ्या, म्हणजे ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली पुढे ते रद्द करून मागता येतं. पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण घाई त्याचीच दिसते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. गाडी तुम्ही चालवता, बँकेत तुम्ही जाता, गोळ्या तुम्ही आणता. उद्या तुम्ही नसलात तर त्या घरात एकट्या बाईनं रात्री छातीत दुखलं म्हणून कोणाला उठवायचं? पारावरचे दहा जण तुमचे आहेत, वहिनींच्या किती जणी उरल्या, मोजलं कधी? आणि 'वृद्धाश्रमात टाकलं' म्हणणारे, त्यातला एक तरी परसातल्या संडासापर्यंत पावसात वहिनींचा हात धरून नेणार आहे का?

आधी एक महिना भाड्याने राहून बघा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. पण मे महिन्यात जाऊ नका, 45 डिग्रीतून एसीत गेलं की कोणालाही स्वर्गच वाटतो. श्रावणात जा, पोळा तिथंच होऊ द्या, मग तुमचं मन काय म्हणते ते कळेल. नाहीच जमलं तर परत या, पण मग स्वयंपाकाला बाई लावायची आणि संडास घरात बांधायचा, तो खर्च काही 12 लाख येत नाही.

तिला समजावायचं राहू द्या. आज संध्याकाळचा चहा तुम्ही मांडा आणि विचारा, तुला जायचं कायले आहे. उत्तर त्यांनीच लिहून पाठवलं तर पुढच्या अंकात सगळ्यात आधी त्यांचं पत्र घेऊ.