पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेलं स्टोअर्ड फंक्शन एकटं चालवलं तर झटकन उत्तर देतं, मग रिपोर्टच्या क्वेरीत घातल्यावर १० मिनिटं का लागतात? सर्व्हर मोठा घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फंक्शन एकटं चालवलं की २ मिलिसेकंद, ट्रिपच्या टेबलात ३ लाख रो (ओळी), रिपोर्टला १० मिनिटं. ३ लाख गुणिले २ मिलिसेकंद म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे बरोबर १० मिनिटं. पोस्टग्रेस कुठेही अडकलेलं नाही. प्रत्येक रोसाठी फंक्शन एकदा बोलावा असं तुम्ही लिहिलंय, ते बोलावतंय.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'जॉइन लावून पाहिला, रिपोर्ट ४ सेकंदांत आला पण बेरीज बदलली, म्हणून सीनियर म्हणतात जॉइन चुकीचा, फंक्शनच ठेवा.' (जॉइन म्हणजे दोन टेबलं एका अटीने जोडून एकाच क्वेरीत वाचणं.) नवी मुंबईत महाप्यातल्या एका ऑफिसात हेच वाक्य शब्दशः ऐकलंय, आणि तिथे ते चुकीचं होतं.

मामला कंटेनर वाहतुकीच्या बिलिंगचा. पार्टी, मार्ग, कंटेनर २० फुटी की ४० फुटी आणि ट्रिपची तारीख एवढं दिलं की फंक्शन रेटच्या टेबलातून भाडं काढून देणार. आत एकच सिलेक्ट इनटू (सापडलेली रो व्हेरिएबलमध्ये ठेवणारी क्वेरी), अट अशी की ट्रिपची तारीख रेटच्या 'पासून' आणि 'पर्यंत'च्या बिटवीनमध्ये. फंक्शन काढून तीच अट जॉइनमध्ये घातली आणि बेरीज वाढली. सगळ्यांनी जॉइनकडे बोट दाखवलं. रो मोजायचं कुणाला सुचलं नाही. मोजल्यावर ३,००,००० ट्रिपच्या जागी ३,००,४१८ निघाल्या, आणि जादाच्या सगळ्या १ एप्रिलच्या. जुना रेट '१ एप्रिलपर्यंत', नवा रेट '१ एप्रिलपासून'. बिटवीन दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे त्या एका दिवसाला दोन्ही रेट लागू.

म्हणजे फंक्शन बरोबर होतं? अजिबात नाही. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) सिलेक्ट इनटूला दोन रो मिळाल्या तर ते पहिली उचलतं आणि गप्प बसतं. ऑर्डर बाय नसेल तर 'पहिली' म्हणजे जी आधी हाताला लागली ती. न्हावा शेवा ते भिवंडी, ४० फुटी, १ एप्रिल: जुना रेट १८,५००, नवा १९,७००, फंक्शन १८,५०० सांगत होतं. उद्या कुणी जुन्या रेटच्या रोमध्ये नुसती टिप्पणी दुरुस्त केली, तर अपडेटमुळे त्या रोची नवी प्रत टेबलात दुसरीकडे जाऊ शकते आणि तेच फंक्शन त्याच ट्रिपला १९,७०० सांगू लागेल. जॉइनने दोन्ही रेट समोर आणून ठेवले, एवढाच त्याचा गुन्हा.

तुमच्याकडे रो घटल्या असतील तर उलटी बाजू तपासा. रेट सापडला नाही की असं फंक्शन नल (रिकामी किंमत) देतं. समने नल सोडून दिलं, बेरीज ठीकठाक दिसली, पण त्या ट्रिपचं बिलच गेलं नाही. साधा जॉइन त्या रो गाळतो, म्हणून लेफ्ट जॉइन (रेट जुळला नाही तरी ट्रिप ठेवणारा) लावा आणि रेट नल असलेल्या ट्रिप वेगळ्या काढून बिलिंगवाल्यांच्या हातात द्या. इथे हमखास होणारी चूक: रेटच्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये टाकली की लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन होऊन बसतो. ती अट ऑनमध्येच (जॉइनच्या अटीत) हवी. आणि चालू रेटची 'पर्यंत' तारीख नल ठेवली असेल तर तुलनेचं उत्तर 'माहीत नाही' येतं आणि नेमका चालू रेटच जुळत नाही. कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून तिथे 'इन्फिनिटी' धरा, पोस्टग्रेसच्या डेट प्रकाराला ती चालते.

सगळ्यात आधी मात्र फंक्शनमधल्या इनटूपुढे स्ट्रिक्ट लिहा आणि रिपोर्ट चालवा. शून्य रो मिळाल्या तरी एरर, दोन मिळाल्या तरी एरर. कुठला डेटा खराब आहे ते पहिल्याच अडखळीला कळेल. सगळी यादी एकदम हवी तर रेटचं टेबल स्वतःशीच जोडा: पार्टी, मार्ग, साइज सारखी, आयडी वेगळा, आणि एकाचं 'पासून' दुसऱ्याच्या 'पर्यंत'च्या आत किंवा त्याच दिवशी, तसंच उलटही. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर 'पासून' आणि 'पर्यंत' मिळून तारखांची एकच डेटरेंज करा. ती सुरुवात धरते, शेवट सोडते, त्यामुळे १ एप्रिल एकाच रेटकडे जातो. त्यावर एक्सक्लूड कन्स्ट्रेंट (एकमेकांशी भिडणाऱ्या रो नाकारणारा नियम) लावा. पार्टी आणि मार्ग बरोबरीने तपासायचे असल्यामुळे बीट्री_जिस्ट एक्स्टेन्शन लागेल. मग एकमेकांवर चढणारा रेट भरताच येणार नाही.

त्याच बिलांत आणखी एक भानगड होती. ठाण्यातून अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी, त्यामुळे ट्रेलर रात्री सुटतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलला रात्री २ वाजता सुटलेली गाडी यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठला सुटलेली असते. वेळेचा कॉलम नुसता डेटमध्ये कास्ट (रूपांतर) केला की तिला जुना रेट लागला. आधी 'एशिया/कोलकाता' टाइमझोनमध्ये आणा, मग डेट करा. या कास्टवर इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) करताना 'फंक्शन इम्युटेबल हवं', म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं हवं, असा एरर येतो तोही याचमुळे: नुसता कास्ट सेशनच्या टाइमझोनवर अवलंबून असतो, टाइमझोन लिहून दिला की इंडेक्स होतो. काही जण फंक्शनवर खोटंच इम्युटेबल लिहून एरर गप्प करतात. करू नका. इंडेक्सात एक तारीख आणि क्वेरीत दुसरी असा घोळ होतो, आणि तो शोधायला आठवडा जातो.

तुमचं फंक्शन काय लिहून ठेवलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर ते व्होलाटाइल, म्हणजे दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकणारं, धरलं जातं. व्हेअरमध्ये 'ट्रिपची तारीख मोठी किंवा समान आर्थिक वर्षाची सुरुवात' असं असेल, आणि सुरुवात काढणारं फंक्शन व्होलाटाइल असेल, तर तारखेवरचा इंडेक्स त्या अटीसाठी वापरताच येत नाही. १ एप्रिल हेच उत्तर ३ लाख वेळा काढलं जातं. स्टेबल (एका क्वेरीपुरतं उत्तर तेच) लिहिलं की ते एकदा काढून इंडेक्स वापरता येतो. फंक्शनला हात लावायची परवानगी नसेल तर ते कंसात सिलेक्ट घालून लिहा, तेव्हाही एकदाच चालेल. पार्टी, मार्ग, तारीख घेणाऱ्या फंक्शनला ही युक्ती लागू नाही, कारण तिथे प्रत्येक रोला उत्तर वेगळं.

व्होलाटाइलचा आणखी एक फटका: ट्रान्झॅक्शनच्या नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर ते आतल्या प्रत्येक क्वेरीला डेटाचा ताजा स्नॅपशॉट (त्या क्षणाचं चित्र) घेतं. १० मिनिटांचा रिपोर्ट चालू असताना पाचव्या मिनिटाला कुणी रेट बदलून कमिट केला, तर अर्धं बिल जुन्या रेटने आणि अर्धं नव्या.

एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) यातलं काही दिसणार नाही, फंक्शनच्या आतलं ते दाखवत नाही. ट्रॅक_फंक्शन्स ही सेटिंग 'पीएल' करा (सुपरयूजर किंवा त्याने दिलेली परवानगी लागेल), रिपोर्ट एकदा चालवा, मग पीजी_स्टॅट_यूजर_फंक्शन्समध्ये कॉल्सचा आकडा वाचा. ३ लाख दिसला की वाद मिटला. ऑटो_एक्सप्लेन या मॉड्यूलने आतल्या क्वेरीही लॉगमध्ये आणता येतात, पण आधी रिपोर्ट १० ट्रिपपुरताच चालवा, नाहीतर लॉगने डिस्क भरेल.

महाप्यात शेवटी काय ठरलं? 'डेटाबेसमध्ये लॉजिकच नको', म्हणून तेच फंक्शन जावात लिहिलं गेलं, लूपमध्ये, प्रत्येक ट्रिपला एक क्वेरी. आधी निदान डेटाबेसच्या आतल्या आत चालत होतं. आता प्रत्येक ट्रिपमागे नेटवर्कची जा-ये. ती १ मिलिसेकंद धरली तरी वर ५ मिनिटं. आणि दोन रेट सापडले तर पहिला उचलायचा, हेही इमानेइतबारे कॉपी केलेलं. फंक्शन वाईट नसतं. आवडत असेल तर टेबल परत करणारं, साध्या एसक्यूएल भाषेतलं, एकाच सिलेक्टचं, स्टेबल फंक्शन लिहा, त्यावर स्ट्रिक्ट किंवा सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या अधिकारांनी चालवणं) लावू नका आणि फ्रॉममध्ये वापरा. पोस्टग्रेस ते उलगडून क्वेरीतच मिसळून घेतं. (हे स्ट्रिक्ट वेगळं, इनटूपुढचं वेगळं. नाव एक, काम दोन.)

हे सगळं पोस्टग्रेसचं. ओरॅकलमध्ये दोन रो मिळाल्या तर सिलेक्ट इनटू स्वतःच एरर देतं, पण शून्य रोचा एरर एसक्यूएलमधून बोलावलेल्या फंक्शनमध्ये गिळला जाऊन नल येतो. मायएसक्यूएलमध्ये पॅरामीटर आणि कॉलमचं नाव एकच ठेवू नका: 'पार्टी_आयडी बरोबर पार्टी_आयडी' मध्ये दोन्हीकडे पॅरामीटरच धरला जातो, अट कायम खरी. तिथेच १४१८ नंबरचा एरर आला तर फंक्शनवर डिटरमिनिस्टिक किंवा रीड्स एसक्यूएल डेटा, जे खरं असेल ते लिहा.

तुमचा आणखी एक प्रश्न होता, 'या यादीत नसलेल्या' अशी नॉट इनची अट लावली की शून्य रो का येतात: आतल्या यादीत एक नल असणार. नॉट एक्झिस्ट्स वापरा.

आता सर्व्हर. तुमच्या फंक्शनवर पॅरलल सेफ (अनेक कोअरवर एकाच वेळी चालवायला चालेल) असं लिहिलेलं नसेल तर ते अनसेफ धरलं जातं आणि ती अख्खी क्वेरी एकाच कोअरवर चालते. १६ कोअर घेतलेत तर १५ या रिपोर्टपुरते बसून राहतील. रेटच्या टेबलावर पार्टी, मार्ग, साइज, 'पासून' असा इंडेक्स आहे का ते आधी बघा. नीट इंडेक्स असता तर एका रेटला २ मिलिसेकंद लागले नसते.