गरम, घाम आणि उकाडा

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: ‘ग्लोबल वॉर्मिंगमुळे ठाण्यात फार गरम होतंय’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे का? आणि ग्लोबल वॉर्मिंगला ‘वैश्विक उष्मीकरण’ म्हणावं का?

‘गरम होतंय’ हे मराठी नाही, ‘गर्मी हो रही है’ची नक्कल आहे. ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसलं की पंख्याखाली उभं असलेलं प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतं आणि मला दर वेळी त्रास होतो. चहा गरम होतो, तवा गरम होतो. माणसाला उकडतं.

मात्र ‘गरम’ फारसी म्हणून हाकला, असं सांगणाऱ्या शुद्धीवाल्यांशी माझं भांडण आहे. फारसी ‘गर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ हे सख्खे चुलतभाऊ. वेदांत घर्म म्हणजे उष्णता, आणि प्रवर्ग्य विधीत तापवलेलं दूधही. कर्मचं काम झालं, चर्मचं चाम झालं, तसं घर्मचं आपल्याकडे घाम झालं. उत्तरेत घाम म्हणजे ऊन. आपण उन्हाचा परिणाम तेवढा ठेवला. ज्याला गरम नको, त्याने घामही पुसून टाकावा!

ग्रीकमध्ये हाच शब्द ‘थर्मॉस’. म्हणजे घरातला थर्मास, तापाचा थर्मामीटर आणि कपाळावरचा घाम एकाच कुळातले. माझ्या मते ‘वॉर्मिंग’मधला वॉर्मही तिथलाच. काही कोशकार त्याला जळणे-उकळणे अर्थाच्या वेगळ्या धातूकडे नेतात. का, तर मूळ शब्दारंभीच्या ‘घ’सारख्या ध्वनीचा इंग्रजीसारख्या जर्मन कुळातल्या भाषांत ‘व’ होतो की नाही, याची त्यांना शंका. पण अर्थ तोच, मधला ‘र’ तोच, शेवटचा ‘म’ प्रत्यय तोच! इतकं सगळं जुळत असताना एका अक्षरावरून नातं तोडायचं, हा मला कोशकारांचा हट्ट वाटतो. त्या दुसऱ्या धातूतून हा ‘म’ कसा आला, ते आधी त्यांनी समजावून द्यावं.

आता ‘उकडणे’. हे उत् + क्वथ्. क्वथ् म्हणजे उकळणे; त्याचेच कढणे, कढी आणि सर्दीत प्यायचा काढा. उकाड्यात ‘ढ’चा ‘ड’ झाला, एवढंच. म्हणजे उकडण्यात पाणी हवंच. मोदक उकडतात ते वाफेवर. वांगं भाजतात ते जाळावर. नागपूरचं ऊन भाजतं, ठाण्याचं उकडतं. हा फरक भाषेने कुठल्याही यंत्राशिवाय टिपला आहे आणि हवामानशास्त्र नेमकं तेच सांगतं. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. शेजारी खाडी, पलीकडे तापत चाललेला अरबी समुद्र. घाम वाळतो तेव्हा अंगाची उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. म्हणून किनाऱ्यावर ३७ अंशांनाही, सरासरीहून साडेचार अंश जास्त असतील तर, हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मैदानी भागात ४० लागतात. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर भरदुपारच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, ती याच किनाऱ्यावर. तेव्हा नुसता आकडा बघून ‘आज काही एवढं गरम नाही’ असं म्हणू नका.

व्याकरणाचंही एक सांगतो. ‘मला उकडतं’ हे भावकर्तृक क्रियापद. उजाडतं, गडगडतं यांच्यासारखं, त्याला कर्ता नसतो. उकाड्यापुरतं ते सुंदर आहे. पण ‘हवामान बदललं’, ‘तापमान वाढलं’ अशी वाक्यंही आपण त्याच सुरात बोलतो, जणू उजाडावं तसं ते आपोआप झालं. इथे कर्ता आहे. कोळसा, तेल आणि वायू माणसाने जाळला, म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० होता तो ४२०च्या वर गेला. तो जमिनीतून निघणारी उष्णता अडवतो, हे शास्त्रज्ञ जॉन टिंडलने १८५९मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. औद्योगिक क्रांतीआधीच्या तुलनेत २०२४ हे वर्ष जागतिक सरासरीने दीड अंशाहून जास्त तापलं. ‘आपण तापमान वाढवलं’ असं लिहा. व्याकरणही सुधारेल आणि विधानही खरं होईल.

‘वैश्विक उष्मीकरण’ राहिलं. विश्वात आकाशगंगा येतात. त्या आपल्या धुराने तापत नाहीत. ‘जागतिक तापमानवाढ’ हा शब्द रुळलेला आहे, शाळेतल्या पोरालाही कळतो. तोच वापरा.