कपातीचा कागद आधी हातात घे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आमदारांसाठी भाषण लिहायचं, सभात्याग झाला की ते फाईलमध्ये परत ठेवायचं, आणि मतदानात आपली डोकी कमीच भरायची. मग पगार आणि योजना कापल्या जात असताना विरोधी बाकांचा उपयोग काय, असा तुझा सवाल. कपात चूक का, हे आपण एकमेकांना पटवायची गरज नाही. पण तू लढायला चुकीच्या दिवशी उतरतेस.

मोठी कपात बहुतेक वेळा मतदानाला येतच नाही. ती कागदाने येते. 23 एप्रिल 2020 चं उदाहरण घे. केंद्राच्या व्यय विभागाने एक कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे खात्याचा लेखी आदेश, काढलं आणि सुमारे 48 लाख कर्मचारी आणि 65 लाख निवृत्तिवेतनधारकांचा महागाई भत्ता 17 टक्क्यांवर गोठवला. संसद बंद होती. त्याच महिन्यात खासदारांचा स्वतःचा पगार वर्षभरासाठी 30 टक्क्यांनी कमी करायचा ठरला, तेव्हा मात्र अध्यादेश लागला आणि सप्टेंबरमध्ये त्याचं विधेयक सभागृहात आलं. खासदाराच्या पगाराला कायदा आणि शिपायाच्या भत्त्याला ज्ञापन! विधेयकावरच्या चर्चेत विरोधकांचा मुख्य आक्षेप कशावर होता? खासदार निधी थांबवण्यावर. मला याचा अजून राग येतो.

आपल्या महाराष्ट्रातही 4 मे 2020 चा वित्त विभागाचा शासन निर्णय बघ. वर्षाच्या तरतुदीपैकी 33 टक्केच निधी मिळणार, नवी पदभरती बंद. विधिमंडळाने मार्चमध्ये मंजूर केलेला अर्थसंकल्प मे महिन्यात एका कागदाने तिसऱ्या हिश्श्यावर आला, आणि पुढचं पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं झालं. म्हणून म्हणते, कागद आधी हातात घे. आदेशाचा क्रमांक, तारीख, आणि लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च अर्थसंकल्पात ज्या नोंदीखाली दाखवतात ती. बातमीवरून भाषण लिहू नकोस.

कागद मिळाला की एका माणसाचा हिशेब कर. केंद्राच्या त्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते अडले होते: 4, 3 आणि 4 टक्के. मूळ वेतन 18,000 असलेल्या कर्मचाऱ्याचे पहिल्या सहा महिन्यांत दरमहा 720 गेले, पुढच्या सहांत 1,260, शेवटच्या सहांत 1,980. एकूण 23,760 रुपये. जुलै 2021 पासून दर 28 टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. सरकारचे यात 34,402.32 कोटी वाचले. हा आकडा मोर्चातून आला नाही, लोकसभेतल्या प्रश्नाच्या लेखी उत्तरातून आला. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला तेव्हाही लेखी उत्तरं चालूच होती. तोंडी चकमक बंद झाली म्हणून ज्यांनी प्रश्न देणंच सोडलं, त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

आता प्रश्न कसा लिहायचा ते नीट वाच, कारण तुझ्या पत्रासोबतचे मसुदे इथेच फसले आहेत. आपल्या विधानसभेच्या साच्यात पहिला भाग असतो ‘हे खरे आहे काय’, आणि पुढचे सगळे ‘असल्यास’वर टांगलेले. पहिल्या भागात एक शब्द चुकला की उत्तर येतं ‘हे खरे नाही’, आणि पुढे सरसकट ‘प्रश्न उद्भवत नाही’. मार्च 2020 च्या पगाराचंच घे. आधी जाहीर झालं की लोकप्रतिनिधींचा पगार 60 टक्के, अ आणि ब वर्गाचा 50 टक्के, क वर्गाचा 25 टक्के कापणार. मग खुलासा झाला की कपात नाही, पगार दोन टप्प्यांत देणार. अशा वेळी ‘कपात केली हे खरे आहे काय’ विचारलंस की मंत्री सुटले. विचारायचं असं: अमुक दिनांकाच्या आदेशान्वये क वर्गाला मार्चचं 75 टक्केच वेतन अदा झालं हे खरे आहे काय, उर्वरित रक्कम किती, ती कोणत्या तारखेला अदा झाली वा होणार? आदेशाची तारीख घातलीस की ‘खरे नाही’ म्हणता येत नाही. कागद आधी हातात घे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते ते यासाठी.

योजनांच्या बाबतीत फसगत वेगळी असते. तरतूद छापील पुस्तकात तशीच राहते, निधी मात्र सुटत नाही. बीम्स या राज्य सरकारच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर त्या लेखाशीर्षाची अर्थसंकल्पित तरतूद, वितरित निधी आणि खर्च दर महिन्याला उतरवून ठेव. आणि तुलना कशाशी करतेस ते स्पष्ट लिही. रोजगार हमीला केंद्राने 2023-24 साठी 60,000 कोटी ठेवले. आधीच्या वर्षाच्या मूळ अंदाजाशी, 73,000 कोटींशी, ताडलं तर घट 13,000 कोटींची. त्याच आधीच्या वर्षाच्या सुधारित 89,400 कोटींशी ताडलं तर 29,400 कोटींची. दोन्ही आकडे एका वाक्यात मिसळलेस की समोरचा पहिल्या मिनिटात भाषण पाडतो. ‘मागणी आली तर वाढवून देऊ’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि 2023-24 चा सुधारित अंदाज 86,000 कोटींवर गेलाही. म्हणून त्या उत्तरापुढचा प्रश्न तयार ठेव: 31 मार्चला मजुरीची थकीत देणी किती होती? नव्या वर्षाचा पैसा आधी तिथेच जिरतो.

कपात सूचनेचा, म्हणजे खात्याने मागितलेल्या खर्चाची रक्कम (‘मागणी’) कमी करा असं सदस्याने सुचवण्याचा, तुला तिटकारा दिसतो. कपातीला विरोध करायचा आणि सूचना पुन्हा कपातीचीच, हे तुला पटत नाही. अगं, राष्ट्रपती वा राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सदस्याला खर्च वाढवून मागताच येत नाही, राज्यघटनेतच तसं आहे. म्हणून लोकसभेत 100 रुपयांची लाक्षणिक कपात सुचवायची आणि तिच्या आधारे नेमकी तक्रार बोलायची. संपूर्ण धोरणच नामंजूर असेल तर मागणी 1 रुपयावर आणा असं म्हणायचं. एका सूचनेत एकच मागणी, एकच विषय. त्यात युक्तिवाद घालू नकोस, आणि न्यायाधीशांच्या पगारासारख्या भारित, म्हणजे मतदानाला न टाकल्या जाणाऱ्या, खर्चाला हात लावू नकोस, सूचना तिथेच बाद होते. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात, तेव्हा आपल्या विषयाची मागणी चर्चेच्या यादीत यावी म्हणून गटनेत्याच्या मागे आधीच लागायला हवं.

हे सगळं कारकुनी आहे, असं अनेकांनी मला ऐकवलं. असू दे. पोर्तुगालमध्ये 230 पैकी 23 सदस्य एकत्र आले तर कायदा घटना न्यायालयात नेता येतो. 2013 च्या अर्थसंकल्पात विरोधक मतदान हरले होते, पण त्यांनी काटकसरीवर सरसकट आरोप न करता एकेक कलम धरलं. आव्हान दिलेल्या नऊपैकी चार तरतुदी 5 एप्रिलला पडल्या. सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांचा सुट्टीचा भत्ता बंद करणारी कलमं त्यात होती. आपल्याकडे सदस्यांच्या गटाला असा मार्ग नाही. पण आंध्र प्रदेशात लांबणीवर टाकलेल्या पगार-पेन्शनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये 6 टक्के व्याजासह रक्कम देण्याचा आदेश झाला. तिथेही झगडा एका ठरावीक आदेशावरच होता.

मतदान हरणार हे धरून चाल. मंत्री ‘तपासून पाहू’ म्हणाले की त्या दिवसाचं कार्यवृत्त काढ, वाक्यावर खूण कर आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा सुरू ठेव. भाषणाची पानं तू सहा पाठवलीस, आदेशाची एकही प्रत नाही. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाचं, पुस्तक सभागृहात येईल त्या दिवशी वेतन, पोषण आहार आणि सामाजिक न्यायाची लेखाशीर्षं बघ, मूळ तरतुदीशेजारी वितरित निधी लिही, आणि ज्या शीर्षात निधी अडला आहे त्याचा शासन निर्णय जोडून मला पाठव. भाषण त्यानंतर लिहू.