जेम्स बाँडचे सिनेमे बघायला सुरुवात करतोयस? मग आधी व्हिलन बघ
हे बघ भावा, रिलीजच्या क्रमाने सगळे बघत बसू नकोस, कंटाळशील. पहिला 1963 चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' लाव. त्यातला व्हिलन ग्रँट ट्रेनमध्ये माशासोबत रेड वाइन मागवतो (रिवाज व्हाइट वाइनचा) आणि तिथेच बाँडला खरं तर खटकायला हवं होतं, पण तो गाफील राहतो, आणि मग त्या चिंचोळ्या डब्यात जी मारामारी होते ना, बॅकग्राउंड म्युझिक जवळजवळ नाहीच, नुसती धापाधाप, आजही अंगावर येते. मग थेट 2012 चा 'स्कायफॉल', त्यातला व्हिलन सिल्व्हा लिफ्टमधून उतरून उंदरांची गोष्ट सांगत सांगत कॅमेऱ्याकडे चालत येतो तो शॉट मोबाईलवर अजिबात बघू नकोस. 'ऑक्टोपसी' नंतर बघ, उदयपूर आणि आपला कबीर बेदी आहे म्हणून, बाकी जरा सर्कसच आहे.