कॉलमचा दिवस आणि बस्त्याचा दिवस

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र आहे. लिहिणारी मुलगी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. पहाटे साडेचारला उठून डबा भरायचा, अमळनेर गाठायचं, तिथून धरणगाव-पाळधीमार्गे एसटीनं विद्यापीठ. संध्याकाळची गाडी चुकली की घरी पोचायला रात्रीचे नऊ. मग जेवता जेवता पत्रिकेचा मजकूर, पाहुण्यांची यादी, हॉलचा ॲडव्हान्स, आणि साडेदहाला होणाऱ्या नवऱ्याचा फोन. लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आहे, मुलगा पुण्याजवळ चाकणला कंपनीत आहे. आई म्हणते, “पीएचडी काय पयी जाई ऱ्हायनी का?” (पळून चालली आहे का?) वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात, वर्षभर बंद ठेव. मध्यंतरी बस्त्याला जायचं म्हणून तिनं कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी, सिलिका भरलेली काचेची नळी) अर्धवट सोडला, तो कोरडा पडला आणि हाती येणारं कंपाउंड (संयुग) गेलं. ती विचारते: “मॅडम, सोडून देऊ, थांबवू, की पुण्याला बदलून घेऊ? आणि गाईडना लग्नाचं कधी सांगू?”

ताई, तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्या कोरड्या कॉलमवर आहेत, म्हणून तिथूनच सुरू करते. सिलिकाच्या वर सॉल्व्हंट (द्रावक) राहिलं नाही की भेगा पडतात, वेगळे होत आलेले पट्टे एकमेकांत मिसळतात आणि मागची सगळी मेहनत पाण्यात जाते. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यामुळे “माझं लक्ष नव्हतं” हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ज्या दिवशी दुपारी टेम्पो ट्रॅव्हलर दारात उभी राहणार होती, त्या दिवशी कॉलम लावायलाच नको होता. चूक वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक बदलता येतं.

लॅबमधली सगळी कामं सारखी नसतात. रिॲक्शन लावणं, दर तासाला टीएलसी (रिॲक्शन कुठवर आली हे दाखवणारी छोटी पट्टी) बघणं, वर्कअप (रिॲक्शननंतरची सफाई), कॉलम, रोटाव्हेपर या यंत्रावर सॉल्व्हंट उडवणं, यांना तू तिथे हजर लागतेस आणि शेवटच्या गाडीची वेळ त्यांना कळत नाही. एनएमआरचे स्पेक्ट्रा (रेणूची रचना सांगणारे आलेख) वाचणं, पेपर वाचणं, प्रयोगाची वही नीट करणं, प्रकरणाचा मसुदा लिहिणं, याला लॅब लागत नाही. तू मात्र दोन्ही प्रकारच्या कामांसाठी रोज एसटी पकडतेस. तिकीट अर्धं असलं तरी वेळ पूर्णच जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला लग्नाबद्दल नाहीच. आठवड्यातल्या तीन रात्री विद्यापीठाच्या वसतिगृहात काढ. तिथे जागा नसेल तर लॅबमधल्या एखाद्या मैत्रिणीच्या खोलीवर भाडं वाटून घे. सोमवारी रिॲक्शन, मंगळवारी वर्कअप, बुधवारी सकाळी कॉलम, गुरुवारी फ्रॅक्शन्स (कॉलममधून वेगळे निघालेले भाग) एकत्र करून सॅम्पल तयार, आणि संध्याकाळी घरी. शुक्रवार-शनिवार घरी बसून लिखाण. रसायनं असं दिवस बघून वागत नाहीत हे मान्य, पण पुढचे पाच-सहा महिने या चौकटीच्या आसपास राहिलीस तरी आठवड्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या वाचतील. आणि झोप मिळेल. चार-साडेचार तासांच्या झोपेवर पटकन पेट घेणाऱ्या हेक्झेनजवळ आणि तापलेल्या ऑइल बाथजवळ उभं राहणं मला अजिबात आवडलेलं नाही. हे मी काळजीनं नाही, रागानं लिहिते आहे.

आता लग्न. आपल्याकडे बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं, मानपानाच्या साड्या, टोप्या-टॉवेल, आणि “मामीचा रंग असा कसा घेतला” यावरून जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेलेला अख्खा दिवस. तुझी स्वतःची खरेदी एका रविवारी उरकते. बाकीच्या वेळी तू तिथे फक्त होकार द्यायला बसलेली असतेस. पत्रिकेत कुठल्या काकांचं नाव आधी, आचारी वरण-बट्टीचा की पुरी-भाजीचा, हे आप्पा, काका आणि चुलतभाऊ बघतील. त्यांना ते आवडतं, आणि तू ठरवलंस तरी ते बदलणारच आहेत. घरी सांगून टाक: माझे कपडे, माझे दागिने आणि तारीख, एवढ्यातच मला विचारा. तारखेत मात्र गप्प बसू नकोस. मुहूर्त दोन-तीन निघतात. त्यातला सहामाही प्रेझेंटेशनच्या आसपासचा नको, एवढं आत्ताच म्हण.

आप्पांसाठी चार ओळी. आप्पा, पीएचडीला “वर्षभर बंद” असं बटण नसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा काळ किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा असतो. त्यापुढे पुनर्नोंदणी करून २ वर्षं मिळतात, आणि मुलींना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. पण ही मुदत अडचणीसाठी ठेवलेली असते, ती आधीच खर्चायची नसते. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि फेलोशिपची मुदत वेगळीच धावत असते. लेकीचं तिसरं वर्ष आहे. अवघड चढ निम्म्याहून जास्त झाला आहे, तेव्हा तिला पत्रिका वाटायला गावोगाव पाठवू नका.

पुण्याला बदलून घेण्याबद्दल. हे होऊ शकतं, आणि बहुतेक मुलींना माहीतच नसतं. लग्नामुळे किंवा इतर कारणानं गाव बदलावं लागलं तर मुलीला आपला संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो, असं त्याच नियमांत लिहिलेलं आहे. अटी आहेत: काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातलं नसावं, आणि झालेल्या कामाचं श्रेय जुन्या संस्थेला आणि गाईडना द्यावं लागतं. पुण्यात विद्यापीठ आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, संधी कमी नाहीत. तरीही मी तुला बदली घेऊ नकोस असंच म्हणेन. नवा गाईड मिळायला हवा, त्याच्याकडे जागा हवी, विषय त्याला पटायला हवा, आणि फेलोशिप नव्या संस्थेत चालू राहते का हे मंजुरीपत्रातून तपासायला हवं. पहिल्या वर्षात असतीस तर वेगळं बोलले असते. तुझे निम्मे कंपाउंड हातात आहेत. लॅबचं जेवढं होईल तेवढं लग्नाआधी उरक, उरलेल्यासाठी लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांचे मुक्काम कर, आणि प्रबंध चाकणला बसून लिही. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्याहून जळगावला येते.

यासाठी त्या मुलाशी बोलणं लागेल. “मला पुढे शिकू द्याल ना?” असं विचारू नकोस. याला सगळे हो म्हणतात, आणि त्या होकाराचा काही उपयोग नसतो. सरळ विचार: जूनपासून मी महिन्याचे निम्मे दिवस जळगावला असेन, घरी कोण आणि कसं सांगणार? सासूबाईंना आधी कळलेलं असेल का? आणि बांगड्यांचाही विषय आत्ताच काढ. हिरवा चुडा भरलेल्या हातावर ग्लोव्हज नीट चढत नाहीत, काच फुटली तर ग्लोव्ह फाटतो आणि मनगटही कापतं. लॅबमध्ये चुडा काढून ठेवावा लागेल हे नंतर कळलं तर अपशकुन वाटेल, आधी कळलं तर फार तर सासूबाई तोंड वाकडं करतील. मेंदीचा काही प्रश्न नाही, हौसेनं काढ. साडेदहाचा फोनही आठवड्यातून तीनदा पुरे. ज्याला तुझ्यासोबत आयुष्य काढायचं आहे त्याला तुझी झोप परवडली पाहिजे.

गाईडना याच आठवड्यात सांग. पत्रिका घेऊन जाऊ नकोस. मुलींच्या पीएचडीबद्दल गाईडच्या मनात जी शंका येते ती लग्नामुळे कमी आणि उशिरा कळल्यामुळे जास्त येते, असं मी पाहत आले आहे. एका कागदावर चार गोष्टी लिहून ने: लग्नाची तारीख, किती दिवस सुट्टी, त्याआधी कोणते कंपाउंड पूर्ण करणार, आणि नंतर लॅबमध्ये कोणत्या महिन्यांत असणार. सुट्टीचे दिवस तुझ्या फेलोशिपच्या नियमांतून बघून घे, यूजीसीच्या जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिपला) सार्वजनिक सुट्ट्यांशिवाय वर्षाला ३० दिवस मिळतात. गाईड कागदावर काटछाट करतील, करू दे. त्यांच्या हातचे बदल झाले की मग तोच कागद घरी आप्पांसमोर ठेव.