गट म्हणजे चर्च नव्हे

ताई, सलाम.

आम्ही दोंडाईचाजवळ राहतो. माझी दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. पाच वर्षांपूर्वी अशा चार ख्रिस्ती घरांनी मिळून एक गट सुरू केला. आज नंदुरबार, धुळे, अमळनेर, भुसावळ धरून 11 घरं आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नंदुरबारला चर्चमागच्या खोलीत सतरंज्या टाकतो. आधी प्रार्थना आणि बायबलमधलं एक वचन पाठ, मग मुलांचं गणित-विज्ञान, मग डबे. मोबाइलवरचा गटही या 11 घरांसाठीच होता. आता त्यात 60 च्या वर नंबर झालेत.

माझ्या नणंदेने मुलांना जूनमध्ये धुळ्याच्या शाळेत घातलं, पण ती गटातून हलत नाही आणि रोज मुलांचे मार्क टाकते. एका पास्टरांना आम्हीच आशीर्वादासाठी बोलावलं होतं. आता ते पहाटे पाचला लांब संदेश पाठवतात, आणि परवा लिहिलं की कॅथलिक कुटुंबाला ठेवायचं असेल तर गटाचं नाव बदला. भुसावळचं ते कुटुंब तेव्हापासून गप्प आहे. शेजारच्या हिंदू ताईंच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना तो अडखळतो, शाळेने त्याला मागे बसवून बसवून पार मोडलं. त्यांना आमच्यात यायचंय. एक क्लासवाले वह्या-पुस्तकं विकायला घुसलेत. कुणाला काढायचं म्हटलं की माझे हात थरथरतात. आपण प्रभूची माणसं, आपणच दार लावायचं का? सासूबाई तर म्हणतात, ‘घरना मानूसलेच भाईर काढशी का?’ आणि मी ॲडमिन, उद्या कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस माझ्याच दारात येतील का?

– एक आई

*

सलाम. पत्र दोनदा वाचलं. दाराची गोष्ट आधी घेते, कारण हात थरथरतात ते तिच्यापायी.

चर्चचं दार कुणाला लावायचं नसतं हे तुला मी सांगायला नको. नाताळात गव्हाणी बघायला अख्खी गल्ली आत येते, कुणी कुणाची जात विचारत नाही. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात केसपेपर काढताना तुमचा विश्वास काय म्हणून विचारत नाहीत. ती सेवा आहे, आणि सेवेला उंबरठा नसावा. पण तुमचा गट चर्च नव्हे आणि दवाखानाही नव्हे. 11 घरांनी आपापल्या मुलांना शिकवण्यासाठी वाटून घेतलेलं ते काम आहे. एक खोली, चार सतरंज्या, गणित नीट शिकवू शकणाऱ्या दोन-तीन आया, एवढाच ऐवज. त्यात कोण मावेल हे ठरवलं म्हणजे कुणाला तारणाबाहेर, देवाच्या मुक्तीबाहेर काढलं असं होत नाही. तू या दोन गोष्टी एकात एक घालून बसली आहेस. आणि खरं सांगू? तुझ्या गटातल्या आगाऊ मंडळींना हे बरोबर कळलंय. तू ‘नको’ म्हटलंस की ‘प्रेम कुठे गेलं’ म्हणायला ते मोकळे.

तेव्हा आधी ठरवा की सभासद कोण. माणूस नव्हे, घर. ज्या घरातलं निदान एक मूल आज घरी शिकतंय, किंवा येत्या जूनपासून शिकणार हे आईबाप दोघांनी ठरवलंय, ते घर. एवढं एक वाक्य लिहून काढलं की साठातले निम्मे नंबर आपोआप पाहुणे ठरतात. क्लासवाल्यांचा विषय तर तिथेच संपला. त्यांच्यावर पत्रातली एक ओळ खर्च केलीस, तीही जास्तच झाली. उद्या सकाळी ‘इथे विक्री नाही’ म्हणून कळव आणि नंबर काढ.

नणंदेचं तसं नाही, हे मला कळतं. खान्देशात कुणाला मोबाइलवरच्या गटातून काढलं की लग्नाची पत्रिका न दिल्यासारखं धरतात. पुढच्या तीन लग्नांत आणि एका दहनविधीला किंवा दफनाला त्याचा हिशेब निघतो. शहाण्या मैत्रिणी तुला सुचवतील, कदाचित सुचवलंही असेल, की गुपचूप दुसरा गट काढ, तिला कळणार नाही. असलं काही करू नकोस. सुरत-भुसावळ पॅसेंजर नंदुरबारहून बातमी पुढे नेईल त्याच्या आधी तिला कळलेलं असेल, आणि मग तू खोटीही ठरशील.

तिच्या बाबतीत माझं मत असं. घरातली सगळी मुलं शाळेत गेली की ते घर एप्रिलअखेरपर्यंत सभासद राहील, मग निरोप. हा नियम सगळ्यांना. उद्या तुझाच थोरला आठवीनंतर शाळेत जातो म्हणाला आणि धाकटाही त्याच्यामागे गेला, तर तुलाही. नणंदेला हे गटावर लिहून सांगू नकोस, आणि नवऱ्याकरवी तर मुळीच नको. रविवारी चर्चहून आल्यावर तिच्या घरी जा, चहा घे आणि समोर बसून सांग: ‘अक्का, मुलांना शाळेत घातलंत, चांगलं झालं. गट मात्र घरी शिकवणाऱ्यांचा आहे. एप्रिलच्या शनिवारी सगळे मिळून तुम्हाला निरोप देऊ.’ मार्कांचं मात्र एप्रिलपर्यंत थांबवू नकोस, ते आजच बोल. ‘आमच्या बाळाला 96 टक्के’ हे वाचून ज्या आईचं मूल अजून जोडाक्षरांत अडखळतंय तिच्या पोटात काय होतं, हे नणंदबाईंना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. गेल्या वर्षीपर्यंत त्याही त्याच बाकावर होत्या ना?

सासूबाईंना सांग, घरातून कुणी काढलेलं नाही. नणंद दिवाळीला येईल, नाताळाला येईल, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन जाईल. फक्त शनिवारी सतरंजीवर बसणार नाही.

आता पास्टर. इथे मी जरा कडक बोलणार आहे. त्यांना तुम्ही आशीर्वादाला बोलावलं, तो त्यांनी दिला, तुम्ही आभार मानलेत. गटात त्यांचं शिकणारं मूल नाही, म्हणजे वरच्या वाक्याप्रमाणे ते पाहुणे आहेत. पाहुण्याने घरातल्या एका माणसाला ‘हा तुमचा नाही’ म्हणून सांगावं आणि यजमानाने मान खाली घालून ऐकावं, हे मला पटत नाही. मग तो पाहुणा काळी बायबल हातात घेऊन आलेला का असेना.

पण त्यांनी काढलेला प्रश्न खोटा नाही. ‘ख्रिस्ती कुटुंबांचा गट’ असं नाव लावलंत, तर ख्रिस्ती कोण हे कधीतरी ठरवावं लागणारच. बाप्तिस्मा लहानपणी की जाणतेपणी, मरियेचं स्थान काय, प्रार्थनेत आत्म्याने दिलेल्या अनोळखी ‘अन्यभाषा’ बोलतात की नाही, यावर शतकानुशतकं मोठमोठे धर्मपंडित भांडले. दोंडाईचाच्या एका आईने ते शनिवारी डबे उघडायच्या आत सोडवावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे: जे घर स्वतःला ख्रिस्ती म्हणवतं आणि प्रभूच्या प्रार्थनेला आपल्यासोबत उभं राहतं, ते आपलं. ‘तारण झालंय का’ हे तपासायचं काम गटाकडे नाही. ज्यांना अधिक बारीक गाळणी हवी त्यांनी आपल्या चर्चपुरता गट खुशाल काढावा. तोही त्यांचा हक्कच, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण 11 घरांनी उभा केलेला गट बाराव्याने येऊन चाळायचा नसतो.

एक बारकी गोष्ट, तुम्ही पाळत असाल तर सोडून दे. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंटांच्या 66. पाठांतराचं वचन दोघांकडे सापडेल अशाच पुस्तकातून घ्या: स्तोत्रं, नीतिसूत्रं, चार शुभवर्तमानं, हवं तेवढं आहे. भुसावळचं पोर घरी जाऊन वचन शोधतं, त्याला ते सापडलं पाहिजे. आणि चार-पाच विषय लिहून ठेवा ज्यांवर गटात वाद घालायचा नाही. बाप्तिस्मा त्यात पहिला. निवडणुकाही घाला, माझं ऐक.

पास्टरांना कळवताना एकटी जाऊ नकोस. हे मी बाईमाणूस म्हणून सांगत नाही. निर्णय तुझ्या एकटीचा आहे असं दिसू नये म्हणून सांगते. खरं तर इतकी वर्षं सगळं तुझ्याच अंगावर आहे, तिथेच घोळ झालाय. तीन घरांची समिती करा: तीन वेगळ्या गावांची आणि शक्यतो तीन वेगळ्या चर्चची. नवीन घर यायचं तर आधी एका शनिवारी पाहुणे म्हणून येईल, सगळं बघेल, आणि मग तिघी मिळून हो-नाही सांगतील. आत घेण्याआधी पारखणं सोपं, आत घेऊन काढणं महाकठीण. मोबाइलवरच्या गटात नवा नंबर ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही अशी सोय आहे ती चालू कर, आणि फिरत असलेली जुनी लिंक रद्द कर. त्या लिंकवरूनच हे साठ झाले असणार.

तुमच्या मुलांचे फोटो गटाबाहेर जाणार नाहीत, आणि स्वतःच्या आईबापाखेरीज कुणीही मोठा माणूस मुलांसोबत बंद खोलीत एकटा बसणार नाही, हेही त्याच कागदावर येऊ दे. यात पास्टर आले, तूही आलीस. संशय म्हणून नव्हे, सगळ्यांना सारखं म्हणून.

शेजारच्या ताईंबद्दल लिहिताना तुझं अक्षर बदललंय, त्यांना नाही म्हणायचं तुझ्या मनात नाही. माझ्याही नाही. आपल्याकडे ओट्यावर कुणीही येऊन टेकतं, पाणी पितं, दोन गोष्टी विचारतं. चुलीपाशी मात्र घरचीच माणसं असतात, आणि त्याचं ओट्यावरच्या माणसाला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे ओटाच नाही. म्हणून जो येतो तो थेट चुलीपाशी. एक वेगळी, मोकळी यादी करा, फक्त घरी शिकवण्याच्या माहितीची. धर्म कोणता ते विचारायचं नाही. एप्रिलनंतर नणंदबाईही तिथे बसतील.

त्या यादीवर त्या ताईंना तू आजच देऊ शकशील अशा कितीतरी गोष्टी आहेत. कायद्याचं खरं सांग, गोडगोड सांगू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी वाट नाही, पण पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. परीक्षांची वाट मात्र आहे. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा होतात, आणि 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, त्याच्या अटी आधी नीट वाचायला लावा. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. ते प्रमाणपत्र काढायचं काम त्यांनी आधी हातात घ्यावं, शाळा सोडायची की नाही हे नंतर ठरवावं. गटात यायचं की नाही हा तर तिसरा प्रश्न.

शनिवारी मुलाला आणायचंच म्हणाल्या, तर आई आणि वडील दोघांना घरी बोलावून स्पष्ट सांग: सुरुवातीला आमची प्रार्थना असते, वचन असतं. त्या वेळी तो बाहेर थांबला तरी चालेल, बसला तरी चालेल, त्याच्यावर कशाचीही सक्ती नाही. दोघांचा होकार असेल तर पाहुणा म्हणून येऊ दे. वडिलांना न सांगता आणू नका. आपल्या भागात ‘पोरांना बाटवतात’ ही कुजबुज उठायला वेळ लागत नाही आणि विझायला वर्षं जातात. ती तुमच्या इतकीच त्या ताईंनाही भोवेल. आणि तुमच्यातल्या उत्साही मंडळींना बजाव की तो पोरगा गणित शिकायला येतोय. त्याच्यासाठी प्रार्थना करायची तर आपापल्या घरी करा.

पोलिसांचं राहिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्या सभासदाने काही गैर टाकलं, तर त्यात ॲडमिनचा सामील हेतू असल्याशिवाय निव्वळ ॲडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा त्यापायी झोप घालवू नकोस. भलतंसलतं दिसलं की काढून टाक आणि टाकणाऱ्याला फोन कर, एवढं पुरे.

यातलं बरंचसं पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबेल. नियमांचा कागद तिथे सगळ्यांसमोर वाचा, हवं ते खोडा, आणि मग लागू करा. थांबणार नाही अशी एकच गोष्ट आहे. पास्टरांचा तो संदेश तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधी आला, तेव्हापासून भुसावळचं कुटुंब गप्प आहे आणि तूही गटावर एक अक्षर बोलली नाहीस. तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी आतापर्यंत लावला असेल. हे पत्र वाचून झालं की आधी त्यांना फोन लाव. शनिवारी येताना डबा आणू नका म्हणावं, त्यांचा डबा तू आणशील.

– ताई