व्हर्नियर आधी मिटून बघ

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ‘मावशी, डिप्लोमावर नोकरीसाठी ६३ अर्ज झाले, चार फोन आले, चौघांनीही अनुभव विचारला. बाबा म्हणतात घरी परत ये.’ खाली हसरा चेहरा टाकला होतास, तो काही खरा नव्हता. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहितेय.

बाबांच्या डोक्यातून तलाठी भरती जाणार नाही, ते आधी मान्य करून टाक. २०२३ ला ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते. परीक्षा द्यायची तर दे, पण नोकरी करता करता दे. लातूरला अभ्यासिकेत जाऊन बसलं की दोन वर्षं कशी निघून जातात, ते तुझ्या चुलतभावाला विचार.

आता त्या ६३ अर्जांबद्दल. सगळे मोबाइलवरून, एकच बायोडेटा आणि वर ‘हार्ड वर्किंग अँड सिन्सिअर’, बरोबर? मी कारखान्याच्या क्वालिटीमध्ये, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात, बरीच वर्षं मुलं-मुली घेतल्या. ते वाक्य मी एकदाही वाचलं नाही. मी पत्ता बघायचे, म्हणजे पोरगी जवळ चिखलीत राहते की रोज लांब हडपसरहून येणार. मग प्रोजेक्ट कुठल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, केला ते बघायचे. बस्स. ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ हे तर सगळेच छापतात, पण दीड दोन महिने माणूस मिळाला नाही की नवखाही चालतो. फक्त त्या दिवशी तू दारात हवीस.

माझंच सांगते. १९८९ साल, डिप्लोमा होऊन दहा महिने झाले होते. भोसरीच्या एका गाळ्यात इन्स्पेक्शनसाठी माणूस हवा होता. तिथल्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरने काही न विचारता हातात एक पिन आणि व्हर्नियर दिला, म्हणजे जबड्यात धरून जाडी-व्यास मोजायचं साधन. मी मोजून ऐटीत सांगितलं, १२.४६. ते म्हणाले, परत मोज. १२.४६. परत मोज. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातातून घेतला, जबडे रुमालाने पुसले, मिटले आणि माझ्यासमोर धरला. शून्यावर शून्य नव्हतंच. ०.०६ पुढे होता. कॉलेजात झिरो एररवर पाच मार्कांचं उत्तर मी पाठ लिहिलं होतं. नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणी मात्र मी जॉबला, म्हणजे मोजायच्या वस्तूला, हात लावायच्या आधी जबडे पुसले, मिटून बघितले, आणि समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसला. १,०५० रुपये पगारावर घेतलं त्यांनी.

तुला अनुभव विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा एवढंच बघायचं असतं, की हातात साधन दिलं तर ही मोजेल की बावरेल. त्याची तयारी खोलीवर बसून होते. दहा रुपयांची दहा नाणी घे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. प्रत्येक नाणं तीन ठिकाणी मोज, तक्त्यात लिही, दुसऱ्या दिवशी आधीचा तक्ता न बघता पुन्हा मोज. आकडे हलतील. किती हलले आणि का हलले? नाणं झिजलंय, जबडा तिरका बसला, की तू जास्त दाबलंस? हे शोधायला लागलीस की तुला एसपीसीचा, म्हणजे मापांच्या आकड्यांवरून उत्पादनावर लक्ष ठेवण्याचा, तो अख्खा धडा कळेल. तो तक्ता हाताने लिहिलेला असू दे, घडी घालून बायोडेट्याला जोड. माझ्याकडे असा कागद कुणी आणला असता तर मी बाकी फाईल उघडलीच नसती.

ड्रॉइंगचंही तेच. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आरशासमोर घोकतेस, पण ड्रॉइंगवरचं ‘२५ एच७’ म्हणजे काय विचारलं तर? भोक २५ पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत चालेल, २५ च्या खाली अजिबात नाही. एवढं न अडखळता सांग आणि मग इंग्रजी मोडकं निघालं तरी निघू दे. शॉपमध्ये सगळे मराठी-हिंदीतच भांडतात.

आता जाशील कुठे, हे जास्त महत्त्वाचं. तुझा सगळा जीव चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या गेटांवर आहे, मला माहितीये. आयकार्ड, बस, कँटीन. पण तिथे कंत्राटदाराकडून लाइनवर लागलीस तर आठ तास एकच बोल्ट, आणि वर्ष भरायच्या आत नोकरीत ब्रेक. चाळीस माणसांच्या गाळ्यात आलेला माल तपासण्यापासून तयार माल पाठवण्यापर्यंत सगळं तुझ्याच गळ्यात पडतं. त्रास होतो, पण वर्षभरात हात तयार होतो. मी तरी लहान शॉप आधी घेईन. फक्त चांगलं लहान शॉप.

ते ओळखायचं कसं? मुलाखतीला गेलीस की पाच मिनिटं तरी उभं राहायला मिळतं. गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनांवर, ती तपासून घेतल्याचा कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे का आणि तारीख उलटून गेलीये का, बघ. लाल पेटीत रिजेक्ट जॉब वेगळे ठेवलेत की सगळं एकाच क्रेटमध्ये आहे? आणि बायकांचं टॉयलेट कुठे आहे ते सरळ विचार. लाजू नकोस. माझ्या पहिल्या शॉपमध्ये नव्हतंच. दिवसभर पाणी न पिता काढलेली ती दोन वर्षं मला पुढे डॉक्टरकडे निस्तरावी लागली.

‘रात्रपाळी जमेल का’ हे तुला विचारतीलच. १९४८ च्या कारखाने कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना मनाई होती. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर सुरक्षेची आणि ने-आणीची सोय करण्याच्या अटीवर ती सैल झाली. तेव्हा तू विचार, गाडी घरापर्यंत सोडते का? उत्तर ‘बघू’ असेल तर तूही ‘बघू’ म्हण.

(कुणीतरी तुला सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाची गोष्ट ऐकवलीच असेल. टाटांच्या टेल्को कंपनीने जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये म्हटलं आणि त्यांनी थेट जेआरडी टाटांना लिहिलं. गोष्ट खरी आहे, १९७४ ची. पण त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होत्या. आपल्यासारख्या ६४ टक्केवाल्यांना पोस्टकार्डाबरोबर व्हर्नियरही लागतो.)

अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नकोस. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत डिप्लोमावाल्यांना महिना किमान ८,००० ठरले. त्यात खोलीतल्या एका कॉटचं भाडं आणि मेस जेमतेम भागते, पण वर्षाअखेरीस सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि ‘अनुभव’ या शब्दाचं तोंड बंद होतं. फक्त कुठल्या विभागात बसवणार ते आधी विचारून घे. वर्षभर पॅकिंगला उभं करणारेही आहेत.

नोकरी लागली तर सीटीसीच्या, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर उडी मारू नकोस. तुझा १२ टक्के पीएफ जातोच, मालकाचा १२ टक्केही पुष्कळदा त्यातच धरलेला असतो. हातात किती, तो आकडा कागदावर मागून घे. पीएफचा यूएएन नंबर मिळाला की महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक उघडून पैसे खरंच जमा होताहेत का बघ. पगारातून कापून न भरणारे मी पाहिलेत. आणि अनुभवाचं खोटं पत्र विकत मिळतं, ते मित्राने आणून दिलं तरी घेऊ नकोस. पीएफच्या नोंदीत कुठे, केव्हा काम केलं ते दिसतं. पुढे कधीतरी तिथेच अडकशील.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातच नमस्कार. ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट’ हेही त्यातच आलं. मी ३०० रुपये घालवलेत, आईने बांगडी मोडून दिलेले. ते घरी कळू नये म्हणून महिनाभर मी रोज डबा घेऊन बाहेर पडत होते. मूळ मार्कशीटही कुणाच्या हवाली करू नकोस, झेरॉक्स दे.

रविवारी दुपारी ये. माझा जुना व्हर्नियर कपाटात आहे, ०.०२ चा. जबडा जरा घासलाय, त्यात झिरो एरर आहे. किती, ते मी सांगणार नाही. येताना दहाची नाणी आण, माझ्याकडे नोटाच आहेत. आणि भाकरी खाऊन जा, मेसची ती पोळी पुरे झाली.

तुझी,
मावशी